नमुना लहान म्हणून खोटा?

सरकारी पाहणीचा अहवाल यावा, त्यातला आकडा कोणाच्या तरी गैरसोयीचा असावा, की तो मोडीत काढण्याचा एक ठरलेला मार्ग आपल्याकडे आहे. आकडा कसा आला याच्या खोलात कोणी शिरत नाही. 'विचारले किती जणांना?' एवढा एकच प्रश्न येतो आणि उत्तर ऐकताच निकाल लागतो. २०२२-२३ची कौटुंबिक उपभोग खर्चाची पाहणी २,६१,७४६ घरांत झाली. देशातली घरे तीस कोटींच्या आसपास धरली, तर साधारण साडेअकराशे घरांमागे एका घराला विचारले गेले. मग प्रवक्ते विचारतात की गडचिरोलीतला आदिवासी, बीडचा ऊसतोड कामगार, मालवणचा मच्छीमार आणि हिंजवडीतला संगणक अभियंता ज्या देशात एकत्र नांदतात, तिथे एका घराच्या खर्चाच्या हिशेबावरून अकराशे घरांची चूल कशी कळणार? हा आक्षेप विरोधी बाकांवरून येतो तसाच सत्ताधारी बाकांवरूनही येतो. फरक पडतो तो फक्त कोणत्या अहवालाच्या वेळी कोण बोलतो याचा. आक्षेप चुकीचा आहे हे गणिताने दाखवता येते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण तो नुसता चुकीचा नाही, उपद्रवीही आहे. नमुन्याच्या आकारावर सगळा राग निघाला की पाहण्यांमधले खरे दोष बिनबोभाट सुटतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

मुळात दोन कामे वेगळी ओळखायला हवीत. ज्यांच्याविषयी आपल्याला काही जाणून घ्यायचे आहे तो सगळा समूह म्हणजे समष्टी. तो माणसांचाच असतो असे नाही, एखाद्या तालुक्यातली सोयाबीनची सगळी शेतेही समष्टीच. त्यातून प्रत्यक्ष तपासायला निवडलेला भाग म्हणजे नमुना. हातात आलेल्या माहितीची सरासरी काढणे, मध्यक सांगणे, ती किती विखुरली आहे ते मांडणे हे वर्णनात्मक सांख्यिकीचे काम. ते काम जे मोजले त्याच्यापुरतेच बोलते. न मोजलेल्यांविषयी काही म्हणायचे झाले, तर अनुमानात्मक सांख्यिकीच्या हद्दीत पाऊल टाकावे लागते, आणि तिथे प्रत्येक विधानासोबत ते किती चुकू शकते हेही सांगावे लागते. सार्वजनिक वादांत या दोन्हींची सरमिसळ होते. वर्णन केलेला आकडा समष्टीचे अंतिम सत्य म्हणून मिरवला जातो; मग तो खटकणारा माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन अनुमान ही गोष्टच थोतांड ठरवतो.

आता आकाराच्या आक्षेपाकडे वळू. एखाद्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांचे प्रमाण यदृच्छेने निवडलेल्या १,००० जणांवरून काढले, तर शंभरपैकी पंचाण्णव वेळा ते खऱ्या प्रमाणाच्या साधारण ३.१ टक्के इकडे-तिकडे येते. प्रमाण निम्म्याच्या आसपास असताना चूक सर्वाधिक असते, तेव्हाची ही मर्यादा आहे. हे १,००० जण एक लाख वस्तीच्या शहरातून घेतले, तर मर्यादा ३.०८ टक्के, १४० कोटींच्या देशातून घेतले, तर ३.१० टक्के. चौदा हजार पट मोठ्या समष्टीने फरक पाडला तो दुसऱ्या दशांश स्थानावर. समष्टीचा आकार सूत्रात येतो तो केवळ एका दुरुस्तीपुरता, आणि नमुना समष्टीचा मोठा हिस्सा असेल तेव्हाच ती दुरुस्ती जाणवते. अचूकता ठरते ती नमुन्यातल्या एकूण संख्येवर, समष्टीतल्या तिच्या टक्केवारीवर नव्हे. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. ४,००० जण घेतले की मर्यादा दीड टक्क्यांवर येते. म्हणून 'अकराशेंमागे एकच घर' हा युक्तिवाद कितीही जोरात केला, तरी त्यात पुरावा म्हणून काहीच नसते. लहानशा राज्याची आणि अख्ख्या देशाची एकेकच सरासरी तेवढ्याच अचूकतेने हवी असेल, तर दोघांना जवळपास सारखाच नमुना पुरतो.

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण यावर हमखास पुढे केली जाते, आणि ती अर्धीच लागू पडते. भांडे घरचे असो की पंगतीचे, शिते तेवढीच चेपून पाहावी लागतात, इथपर्यंत ती बरोबर आहे. पण भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. समाज तसा नसतो. तो जातींत, वर्गांत, गाव-शहरांत, सिंचनाखालच्या आणि कोरडवाहू पट्ट्यांत थरांनी लागलेला असतो आणि वरवरचे शीत उचलले तर तळाचे काहीच कळत नाही. ही अडचण सोडवण्यासाठीच यदृच्छ निवड आहे. समष्टीतल्या प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची आधी ठरलेली, शून्याहून अधिक संधी मिळाली पाहिजे आणि कोणाचा नंबर लागेल हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर राहता कामा नये, एवढीच तिची अट. थर मोठे असतील तर आधी ते वेगळे करून प्रत्येकातून निवड करता येते. २०२२-२३च्या पाहणीत हेच केले होते: ग्रामीण भागात घरांचे गट पाडताना जमीन पाहिली, शहरांत घरी खासगी मोटार आहे का आणि असल्यास ती दहा लाखांच्या वरची की खालची, हे पाहिले. श्रीमंत घरे संख्येने थोडी, म्हणून ती निसटू नयेत यासाठीची ही तजवीज होती. 'मला तर कोणी विचारले नाही' या तक्रारीचे उत्तरही यातच आहे. तुम्हाला विचारले जाण्याची शक्यता होती आणि तुमच्यासारख्या दुसऱ्या कोणाला तरी विचारले गेले. पाहणीची वैधता प्रत्येकाच्या दारात जाण्यावर अवलंबून नाही.

नमुन्यावर अविश्वास असणाऱ्यांच्या मनात एक आदर्श असतो: सगळ्यांची मोजदाद करा, म्हणजे वादच मिटला. पण पूर्ण मोजणीही चुकते. २०११च्या जनगणनेने देशाची लोकसंख्या १२१ कोटी सांगितली. त्यानंतर नेहमीप्रमाणे एक पडताळणी झाली आणि तिच्यातून निघाले की दर हजारी सुमारे २३ माणसे मोजणीतून सुटली होती. हजारात तेवीस म्हणजे देशभरात पावणेतीन कोटींच्या आसपास. गोव्याएवढी अठरा-एकोणीस राज्ये मोजायची राहून गेली म्हणा. ही गळती कळली कशी? जनगणनेनंतर निवडक भागांत घेतलेल्या नमुना पाहणीवरून. पूर्ण मोजणीला आपली चूक स्वतःहून दिसत नाही, तिला नमुन्याचाच आरसा लागतो. कारणही उघड आहे. लाखो प्रगणक घाईत प्रशिक्षण घेतात, थोडक्या दिवसांत कोट्यवधी घरे उरकतात. उलट थोड्या घरांसाठी थोडे, पण तयारीचे लोक नेमता येतात, त्यांचे काम पुन्हा तपासता येते. बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या अंदाजाचे काम सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३०च्या दशकात हाती घेतले ते याच विश्वासाने, आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली तीही याच पायावर. जनगणनेला वेळेचीही मर्यादा आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून व्हायची आहे. मधल्या सोळा वर्षांत देशात किती मुले कुपोषित आहेत, किती तरुण बेकार आहेत हे ज्यांना जाणून घ्यायचे होते, त्यांच्यापुढे नमुना पाहणी की जनगणना असा पर्यायच नव्हता. नमुना पाहणी किंवा अंधार, एवढाच होता.

आकाराचे वेड किती महागात पडते याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. करोनाच्या काळात तिथल्या एका विद्यापीठाने फेसबुकच्या साहाय्याने लसीकरणाविषयी पाहणी चालवली होती. तिला दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत. दुसरीकडे ॲक्सिऑस-इप्सॉस यांची पाहणी होती, तिच्या एका फेरीत साधारण हजार माणसे. २०२१च्या मे महिन्यात लसीची किमान एक मात्रा घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण अधिकृत नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा अडीच लाखांची पाहणी १७ टक्क्यांनी चढी निघाली आणि हजार जणांची पाहणी खऱ्या आकड्याच्या जवळपास राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्ये याचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध झाले. नमुन्यातल्या चुका दोन जातींच्या असतात. एक दैवगतीची: कधी वर, कधी खाली जाणारी. संख्या वाढली की ती विरत जाते. दुसरी कललेली: प्रत्येक वेळी एकाच बाजूला नेणारी. ती संख्येने विरत नाही, उलट संख्या वाढली की तिच्यावरचा आपला भरवसा तेवढा वाढतो. लाखो माणसांनी 'मत नोंदवलेल्या' वृत्तवाहिन्यांच्या चाचण्या, ॲपवरचे तारांकन, समाजमाध्यमांवरचे कौल हे सगळे याच पंक्तीतले. ज्याला बोलायचे होते तो तिथे आला. न आलेल्याविषयी त्या गर्दीला काहीच सांगता येत नाही. नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचीच सरासरी काढून महाविद्यालयाचे 'सरासरी पॅकेज' जाहिरातीत छापले जाते, तेव्हाही हेच होते. त्या सरासरीतला एकेक आकडा खरा असू शकतो, तरी प्रवेश घेणाऱ्या मुलाला ती फसवते.

या कललेल्या चुकीचा छडा लावण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे आणि आपल्याच वादांत त्याची आठवण क्वचित निघते. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४०च्या दशकात दिल्लीला भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी कामाचे प्रमुख होते. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध बैठक दिली: यदृच्छेने गावे निवडायची, गावात शेते निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. वाद पेटला तो तुकड्याच्या मापावरून. महालनोबीस यांच्या बंगालमधल्या पद्धतीत अगदी लहान तुकडे होते. थोड्या श्रमांत पुष्कळ तुकडे कापून होतात, म्हणून ते परवडतात हा विचार त्यामागे होता. सुखात्मे यांनी तुलना करून दाखवले की लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येते. आखणीच्या रेषेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौरसात दर चौरस मीटरमागे चार मीटर कड येते. दहा बाय पाच मीटरच्या आयतात ती येते फक्त साठ सेंटिमीटर. तुकडा जितका लहान, तितका कडेचा मोह जास्त. असे तुकडे दहाऐवजी दहा हजार घ्या, फुगवटा तसाच राहतो. किती तुकडे कापले हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागले नसते. तुकडा कसा आखला हे विचारणाऱ्याला देशाच्या अन्नधान्याच्या अंदाजातली चूक सापडली.

यावर शेतकरी उलटून विचारेल: मग पीक विम्याचे काय? माझे शेत आडवे झाले, तरी मंडळाच्या सरासरीवर बोट ठेवून भरपाई नाकारली जाते, ती नमुन्याच्याच नावाखाली ना? ही तक्रार रास्त आहे आणि तिला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी अडकल्या आहेत. पहिली, संख्या कुठे महत्त्वाची ठरते ती. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी महसूल मंडळ हा घटक असेल तिथे एका पिकासाठी किमान दहा कापणी प्रयोग सांगितले. समजा, मंडळातल्या शेतांचे उत्पन्न सरासरीपासून चाळीस टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने विखुरले आहे. कोरडवाहू पट्ट्यात हे अशक्य नाही. दहा प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी मग साडेबारा टक्क्यांवर जाते; म्हणजे मंडळाचा अंदाज तिच्या दुपटीपर्यंत, पंचवीस टक्के, इकडे-तिकडे डोलू शकतो. अशी हजार मंडळे एकत्र केली की दहा हजार प्रयोग होतात आणि तीच डोलण्याची मर्यादा एका टक्क्याच्या आत येते. प्रयोग तेच, वह्या त्याच. राज्याच्या उत्पादनासाठी भरवशाच्या, एका मंडळाच्या भरपाईसाठी डळमळीत. संख्येचा प्रश्न योग्य ठरतो तो इथे: समष्टी किती मोठी आहे म्हणून नव्हे, आपण किती लहान भागाविषयी बोलायचे ठरवले आहे म्हणून. ज्याला तालुकावार बेकारी हवी, मंडळवार उत्पन्न हवे, त्याने तेवढ्या प्रत्येक भागासाठी पुरेसा नमुना घेण्याचा खर्च करावा, नाहीतर राज्याचाच आकडा सांगून थांबावे.

त्या तक्रारीतली दुसरी गोष्ट नमुन्याची नाहीच. मंडळातले प्रत्येक शेत मोजून सरासरी काढली, तरी ती सरासरी एका शेतकऱ्याच्या नुकसानीशी जुळेलच असे नाही. सरासरी समूहाचे वर्णन करते. भरपाई मंडळाच्या सरासरीवर द्यायची की शेतावर, हा धोरणाचा निर्णय आहे. तो शासनाने घ्यावा आणि त्याची जबाबदारीही घ्यावी. ती सांख्यिकीच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी खरे नाही. आणि निवडीतला कल शोधायचाच असेल तर इथेही नेमके प्रश्न आहेत: शेत यदृच्छ अंकांवरून निघालेल्या गट नंबरातले होते की रस्त्यालगतचे, सोयीचे? कापणीच्या वेळी शेतकरी हजर होता का? ठरलेले शेत आधीच कापून झाले असेल, तर त्याच्या जागी दुसरे कोणते आणि कोणत्या नियमाने घेतले? वजन ओल्या मालाचे झाले की वाळलेल्या? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात किंवा मिळायला हवीत. 'दहा शेतांवरून काय कळणार' या घोषणेला मात्र कोणत्याच कार्यालयाला उत्तर द्यावे लागत नाही.

अनुमानाची भाषा टाळल्याने नुकसान दोन्ही बाजूंनी होते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दिसते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होते, २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ३५.२ टक्के आले. वर्णनाच्या पातळीवर आकडा वाढला, आणि 'कुपोषण वाढले' असा मथळा देता येतो. पण प्रत्येक फेरीत दहा हजार मुले मोजली असे धरले आणि निवड साधी यदृच्छ होती असे मानले, तरी दोन फेऱ्यांतला सव्वा टक्क्यापर्यंतचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. एकाच गावातली घरे एकमेकांसारखी असतात. गावे निवडून त्यांतली घरे घेण्याच्या पद्धतीत ही मर्यादा आणखी रुंदावते. तेव्हा ०.८ टक्क्याच्या फरकावरून वाढ झाली असे म्हणता येत नाही, घटही सिद्ध होत नाही. सरकारची टीकाकारांपासून सुटका करणारा हा निष्कर्ष नाही. उलट, या अनिश्चिततेपलीकडे जे निःसंशय उरते ते अधिक जड आहे: दोन फेऱ्यांमधल्या काळात राज्यातल्या तीनपैकी एकाहून अधिक मुलांची वाढ खुंटलेली होती आणि त्या प्रमाणात दिसण्याजोगी सुधारणा झाली नाही. ज्याने संशयाची मर्यादा मान्य केली, त्याच्याच हाती न हलणारे विधान येते. 'नमुनाच खोटा' म्हणणाऱ्याने मथळ्याबरोबर ही खात्रीही फेकून दिलेली असते.

सगळ्यात जोरदार आक्षेप मतदानोत्तर चाचण्यांचा. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले; प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० महाविकास आघाडीने जिंकल्या आणि महायुतीला १७वर थांबावे लागले. मग नमुन्यावर विश्वास कसला ठेवायचा? इथेही आकाराचा काही संबंध नव्हता. या चाचण्यांच्या संस्था लाखो मतदारांशी बोलल्याचे सांगत होत्या. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्केवारीत एका टक्क्याहूनही कमी अंतर होते, जागांत मात्र तेरांचे. मतांचा अंदाज ही एक पायरी, मतांवरून जागा काढणे ही दुसरी, आणि दुसऱ्या पायरीवर मतांमधली बारीकशी चूक अनेक पटींनी वाढते. त्यात मतदान केंद्राबाहेर कोण थांबून बोलतो, कोण मान खाली घालून निघून जातो, कोण भीतीने किंवा भिडेने वेगळेच सांगतो, हे यदृच्छ नसते. जातीनिहाय, वयोगटानुसार वजने लावून हा कल पुसण्याचा प्रयत्न होतो, पण ती वजने कोणती, नकार किती जणांनी दिला, हे बहुतेक संस्था उघड करत नाहीत. निकाल चुकल्यावर दूरचित्रवाणीवर माफी मागितली जाते, पद्धत मात्र बंद पेटीतच राहते. पद्धत झाकणाऱ्या चाचण्यांच्या अपयशाचे खापर पद्धत छापणाऱ्या पाहण्यांवर फोडणे, हा न्याय नव्हे.

सरकारी पाहण्या निर्दोष आहेत असे यातून सुचवायचे नाही. श्रीमंत घरे दार उघडत नाहीत, उघडले तरी खर्च कमी सांगतात. पाहण्यांतून निघणारा एकूण उपभोग राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातल्या उपभोगापेक्षा कमी भरतो, त्याच्या कारणांपैकी हे एक. ज्या यादीतून नमुना निवडतात तो निवडीचा सांगाडा २०११च्या जनगणनेवर बेतलेला आहे आणि त्यानंतर कित्येक गावे शहरांत विरघळली. २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या सदस्य शमिका रवी यांनी जाहीर लेखनातून हाच मुद्दा लावून धरला: जुन्या सांगाड्यामुळे ग्रामीण भागाचे वजन जास्त पडते आणि प्रगती कमी दिसते. त्यावर बरीच वादावादी झाली. निष्कर्ष कोणाचा टिकतो हे बाजूला ठेवले, तरी आक्षेपाची जात योग्य आहे, कारण तो तपासता येतो. शहरी-ग्रामीण वजने बदलून तोच आकडा पुन्हा काढा, किती सरकतो ते पाहा. तपासण्यासाठी मूळ माहिती मात्र उघडी हवी. २०१७-१८ची उपभोग खर्चाची पाहणी झाली, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण देऊन ती प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. दर्जा खरोखर वाईट असेल, तर घरनिहाय माहिती खुली करून तो दाखवून देता आला असता. ती दाबल्याने कोणाचीच बाजू सिद्ध झाली नाही, आणि गरिबीवर बोलणाऱ्यांच्या हाती एका दशकाहून अधिक काळ जुनेच आकडे उरले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून देशातल्या दारिद्र्याचे मोजमाप मांडले ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर. त्यांच्या रेषेवर, उष्मांकांच्या निकषावर अनेकांनी, सुखात्मे यांनीही, कडाडून टीका केली. तो वाद होऊ शकला, कारण आकडे सगळ्यांसमोर होते.

तेव्हा पाहणीवर संशय जरूर घ्यावा, पण तो कामाचा असावा. निवडीचा सांगाडा कोणता आणि किती जुना, निवड यदृच्छ होती की सोयीची, किती जणांनी उत्तर नाकारले आणि ते कोण होते, प्रश्न कसा आणि कोणाच्या देखत विचारला, त्रुटीची मर्यादा किती आणि ती ज्या भागाविषयी दावा केला जातो त्या भागासाठी काढली आहे का, एवढे प्रश्न कोणत्याही विधिमंडळ सदस्याला, पत्रकाराला, ग्रामसभेलाही विचारता येण्याजोगे आहेत. ते विचारले तर वाईट पाहणी उघडी पडते आणि चांगली अधिक भक्कम होते. 'नमुना लहान' या आक्षेपाने यातले काहीच साधत नाही. तो चांगल्या आणि वाईट पाहणीला एकाच शब्दात बाद करतो. पाहणी बाद झाल्याने ज्यांच्या हाती सत्ता आणि माध्यमे आहेत त्यांचे काही अडत नाही, आपली परिस्थिती सांगायला त्यांना पाहणीची गरज लागत नाही. अडते ते मेळघाटातल्या मुलाचे, घरकामात दिवस घालवणाऱ्या आणि कोणत्याच हजेरीपटावर नसलेल्या बाईचे, हंगामी मजुराचे. त्यांच्या वतीने बोलणारा नमुना आकाराने लहान असतो म्हणून तो फेटाळायचा, तर त्यांच्याविषयी ऐकू येणारा आवाज उरतो तो फक्त दावा करणाऱ्यांचा, आणि त्या दाव्याला त्रुटीची मर्यादा कधीच छापलेली नसते.